मागचं आभाळ हलतं तेव्हा : प्रस्तावना

कॅनॉट प्लेसच्या बाहेरच्या वर्तुळातून निघून इंडिया गेटच्या षट्कोनाला मिळणारा कस्तुरबा गांधी मार्ग हा काही घोडे उधळण्याचा रस्ता नव्हे. इथं गाड्या सरकतात, धावत नाहीत. दुपारी कचेऱ्यांमधली माणसं छोले-कुलचेवाल्याच्या सायकलीभोवती गोळा होतात, आणि जुने दिल्लीकर अजूनही रिक्षावाल्याला ‘कर्झन रोड’ असंच सांगतात. पण काउबॉय चित्रपटांवरचं मराठी पुस्तक लिहायला याहून सोयीचा रस्ता मला तरी माहीत नाही. या एका रस्त्यावर अमेरिकन सेंटर आहे, जर्मनांचं मॅक्स म्युलर भवन आहे, चार्ल्स कोरियांनी बांधलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आहे, आणि इंडिया गेटच्या अंगाला 2013 साली उघडलेलं नवं महाराष्ट्र सदन. या पुस्तकातले बहुतेक लेख ह्याच टापूत सुचले. काही सिनेमे आसपासच्या मराठी घरांत रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, चारचौघांत पाहिलेले आहेत. ती संगत लेखांत उतरली असेल तर ते मला हवंच आहे.

विषय जुन्या मारधाडीच्या आणि घोडे-बंदुकांच्या चित्रपटांचा. साधारणपणे 1935 ते 1975 हा काळ, म्हणजे होमी वाडियांच्या ‘हंटरवाली’पासून रमेश सिप्पींच्या ‘शोले’पर्यंत. मधे फोर्ड आहे, हॉवर्ड हॉक्स आहे, लिओनी आहे, भालजी पेंढारकर आहेत, आणि अमेरिकेत आपटलेला पण आपल्याकडे मनसोक्त चाललेला ‘मॅकेनाज गोल्ड’ आहे. हे चित्रपट निर्दोष आहेत असं मी एकाही पानावर म्हटलेलं नाही. उलट दोषांबद्दलच जास्त लिहिलं आहे, कारण या चित्रपटांवर प्रेम करणारे दोषांपाशी आले की घाई करतात. ‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणायचं आणि पुढं जायचं. न आवडणारेही तेवढेच घाईत असतात. चुकांची यादी करायची आणि उठायचं. दोघांचाही सिनेमा बघायचा राहून जातो.

‘मॅकेनाज गोल्ड’च घेऊ. 1969 चा चित्रपट, दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. आठ वर्षांपूर्वी ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ करून नाव कमावलेला माणूस, आणि दोन्हीकडे नायक ग्रेगरी पेक. सोन्याची दरी, तिचा नकाशा, नकाशा डोक्यात असलेला एकच माणूस आणि त्याच्या मागं लागलेले बाकी सगळे. एका मित्राच्या घरी तो लावला होता तेव्हा त्याची कॉलेजात जाणारी पुतणी पाच मिनिटांत म्हणाली, “काका, मागचं आभाळ हलतंय!”

“हलू दे. घोडा बघ.”

“घोडा पण खोटा आहे. नुसता वर-खाली होतोय.”

ती म्हणत होती ते सोळा आणे खरं होतं. दूरच्या दृश्यांत खरे घोडेस्वार खऱ्या खडकाळ मुलुखातून जातात, आणि कॅमेरा जवळ आला की तेच नट स्टुडिओत, मागं पडद्यावर सरकणारं चित्र लावून, कसल्या तरी उडत्या खोगिरावर बसलेले दिसतात. उजेड बदलतो, चित्राचा पोत बदलतो, सावल्यांची दिशाही कधी कधी बदलते. शेवटी दरी कोसळते तेव्हा कोसळणारे कडे हातभर उंचीचे असावेत हे लहान पोरालाही कळतं. ओमर शरीफसारखा देखणा इजिप्शियन माणूस मेक्सिकन दरोडेखोर होऊन वावरतो आणि ज्युली न्यूमार अपाची बाई होते. तरीही पहाटे सूर्य वर येतो, एका सुळक्याची सावली जमिनीवर लांबत लांबत जाते आणि बोट दाखवावं तशी दरीची वाट दाखवते, तेव्हा तीच पुतणी मांडीवरची बशी खाली ठेवायला विसरली होती. खोटं आभाळ आणि ही सावली एकाच चित्रपटात आहेत. एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

खरं तर मराठी प्रेक्षकाला हे शिकवायची गरज पडू नये. आपल्या आज्या-पणज्यांनी संगीत नाटकांत रंगवलेले पडदे पाहिले. त्यावरचा राजवाडा वाऱ्यानं हलायचा, पदाला ‘वन्समोअर’ मिळाला की मरायला टेकलेला माणूस उठून पुन्हा गायचा, आणि बालगंधर्व उतारवयातही नायिका म्हणून उभे राहायचे. कोकणात दशावतारात आजही राक्षस आणि देव यांचं युद्ध लागतं तेव्हा तलवारी एकमेकींना जेमतेम शिवतात, पायांचा ठेका मात्र मृदंगावर चालतो. तिथं बसलेला कुणी ‘तलवार लाकडी आहे’ म्हणून उठून जात नाही. लाकडी आहे हे माहीत असूनच तो आलेला असतो. सिनेमाच्या बाबतीत मात्र आपण ही समज दारात चपलांबरोबर काढून ठेवतो. कारण उघड आहे. कॅमेरा खरं दाखवतो असा आपला ग्रह आहे, आणि त्यानं खोटं दाखवलं की फसवल्यासारखं वाटतं.

पण जुन्या मारधाडीच्या चित्रपटांत एक गोष्ट अशी खरी असते की तिच्यापुढं आजचा निर्दोष पडदा मला फिका वाटतो. पडणारा माणूस खरोखर पडलेला असतो.

जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’मधला (1939) पाठलाग या पुस्तकात मी फार बारकाईनं लिहिला आहे, म्हणून इथं थोडंच सांगतो. कोरड्या पडलेल्या तळ्याच्या सपाट पात्रातून सहा घोड्यांची बग्गी सुसाट चालली आहे. एक अपाची स्वार आपल्या घोड्यावरून बग्गीच्या पुढच्या घोड्यावर झेप घेतो, त्याला गोळी लागते, तो दोन घोड्यांच्या मधे खाली सरकतो, काही क्षण बग्गीच्या दांड्याला धरून फरफटत जातो, मग हात सोडतो. घोड्यांचे खूर दोन्ही बाजूंनी जातात, चाकं जातात, सगळी बग्गी त्याच्या अंगावरून पार होते. हा यकिमा कॅनट. रोडिओत घोडे वठणीवर आणणारा हा गडी हॉलिवूडचा सर्वांत मोठा स्टंटमन झाला. दृश्यात कुठंही कापाकापी करून धोका नाहीसा केलेला नाही. खुरांची लय चुकली असती तर तो मेला असता, एवढं साधं गणित आहे.

आणि याच चित्रपटात, याच माणसाच्या कारागिरीचा दुसरा भाग आहे. ‘रनिंग डब्ल्यू’ नावाची एक युक्ती तेव्हा वापरत. घोड्याच्या पुढच्या पायांना तारा बांधायच्या, तारांचं दुसरं टोक जमिनीत खुंटीला पक्कं करायचं, आणि घोडा भरधाव सोडायचा. तार ताणली की पाय ओढले जातात, घोडा डोक्यावर आपटतो, पडद्यावर गोळी लागल्याचा झकास परिणाम मिळतो. कित्येक घोडे मान मोडून मेले, कित्येकांना नंतर गोळी घालावी लागली. ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (1936) यासाठी बदनाम आहे. 1939 च्याच ‘जेसी जेम्स’साठी घोडा उंच कड्यावरून पाण्यात उतरवला आणि तो मेला, तेव्हा कुठं बोंब झाली आणि तिथल्या प्राणिमित्र संस्थेला चित्रीकरणावर देखरेखीचा हक्क मिळाला. कॅनटनं स्वतःची हाडं पणाला लावली ती त्याच्या मर्जीनं. घोड्याला कुणी विचारलं नव्हतं. पाठलाग बघताना माझा श्वास दर वेळी अडकतो, आणि अपाचींचे घोडे कोसळू लागले की दर वेळी मान फिरवावीशी वाटते. दोन्ही प्रतिक्रिया बरोबरच आहेत असं मला वाटतं, आणि त्यांतली एक दुसरीनं पुसली जाऊ नये म्हणून तो लेख एवढा लांबला.

आता घराकडं. आपल्याकडचा स्टंटपट हॉलिवूडची नुसती उष्टावळ होता असं समजण्याची रीत आहे. मास्टर विठ्ठलला तर ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणूनच ओळखत. पण हा माणूस घडला कोल्हापुरात, बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. तालमी, लेझीम, दांडपट्टा यांच्या गावातून येऊन मूकपटांत तलवार फिरवणाऱ्याला फेअरबँक्सकडून शिकण्यासारखं कितीसं उरलं असणार? पुढं 1931 मध्ये ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाचा तो नायक झाला, आणि बोलण्याचा काळ येताच मागं पडत गेला. त्याची मोठी गाजलेली कामं आज बघायला मिळत नाहीत. ‘आलम आरा’चीही एक प्रत शिल्लक नाही. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं तोवर मूकपटांचा मोठा हिस्सा नष्ट झाला होता, आणि जे वाचवलं त्यातलंही काही नायट्रेट फिल्मचं भांडार 2003 च्या जानेवारीतल्या आगीत गेलं. जुन्या चित्रपटात दोष काढणाऱ्यांचं मला कधी कधी कौतुक वाटतं ते यासाठी की निदान त्यांनी तो पाहिलेला असतो. विठ्ठलचे दोष काढायची सोयच उरलेली नाही.

नादिया मात्र वाचली. पर्थमध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स, परळच्या वाडिया मूव्हीटोनमध्ये येऊन चाबूक हातात घेते आणि 1935 च्या ‘हंटरवाली’नंतर सबंध हिंदुस्थानची ‘फिअरलेस नादिया’ होते. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये ती धावत्या गाडीच्या टपावर गुंडांशी मारामारी करते आणि एकेकाला उचलून फेकते. हिंदी उच्चार धेडगुजरी, कथा कुठल्या कुठं, खलनायकाची मिशी कधीही गळून पडेल अशी. आणि तरीही त्या काळात नायिकेनं रडून रडून पदर भिजवायचा असा दंडक असताना ही बाई पदर खोचायच्याही भानगडीत न पडता विजार घालून टपावरून उडी मारते. याच परळच्या स्टुडिओत 1942 मध्ये व्ही. शांतारामांनी ‘राजकमल’ थाटलं. मराठी सिनेमाचा इतिहास लिहिणारे या जागेची गोष्ट तिथून सुरू करतात. त्याच जमिनीवर सात वर्षं आधी चाबूक कडाडला होता हे सांगायचं मात्र त्यांच्या जिवावर येतं. मला हे शिष्टपण वाटतं. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा उशाखाली लपवून वाचणारा समाज तोंडानं वेगळं आणि रात्री कंदिलापाशी वेगळं बोलतो, त्यातलाच हा प्रकार.

या पुस्तकात सगळ्यात जड गेलेला लेख फोर्डच्याच ‘द सर्चर्स’वरचा (1956). इथं खोट्या आभाळाचा प्रश्न नाही, आभाळ खरं आणि अफाट आहे. कोमांची लोकांनी पळवून नेलेल्या पुतणीला जॉन वेन वर्षानुवर्षं शोधत फिरतो, आणि हळूहळू आपल्या लक्षात येतं की हा माणूस तिला सोडवायला नाही, मारायला निघाला आहे, कारण त्याच्या लेखी ती आता बाटली. वेननं इतका विषारी माणूस इतक्या समजून उमजून दुसऱ्यांदा उभा केला नाही. पण चित्रपट स्वतः त्या विषापासून किती दूर आहे? कोमांची सरदाराचं काम बर्लिनमध्ये जन्मलेल्या निळ्या डोळ्यांच्या नटाला दिलं आहे. टेक्सासमधल्या कोमांचींच्या जागी मॉन्युमेंट व्हॅलीतले नव्हाजो उभे केले आहेत. आणि ‘लुक’ नावाच्या आदिवासी बाईला लाथ मारून उतारावरून गडगडत सोडण्याचा प्रसंग विनोद म्हणून येतो. तो प्रसंग लागला की खोलीत कुणी हसत नाही, हसूही नये. मी तो वगळून ‘द सर्चर्स’ दाखवणार नाही, आणि तो आहे म्हणून ‘द सर्चर्स’ दाखवायचा थांबणारही नाही.

मराठी वाचकाला या लेखाच्या जोडीला एक पुस्तक हाताशी आहे. धारवाडला बसून जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ ही अमेरिकन वसाहतींची त्रयी, आणि ‘रानातील प्रकाश’. या शेवटच्या कादंबरीत गोऱ्या आईबापांचा मुलगा लहानपणी आदिवासींनी नेलेला, त्यांच्यात वाढलेला, आणि पंधराव्या वर्षी तहाच्या अटीनुसार सक्तीनं परत केलेला. त्याला परत यायचंच नाही. ‘द सर्चर्स’ची गोष्ट उलट्या टोकाकडून सांगितल्यासारखी ती आहे, आणि फोर्डच्या चित्रपटाआधी तीन वर्षं आलेली. म्हणजे ‘तेव्हा कुणाला एवढी समज नव्हती’ ही सबब चालत नाही. समज होती, ती पुस्तकांत छापूनही येत होती.

बोट दुसऱ्याकडं दाखवून मात्र थांबता येत नाही. आपल्या चित्रपटांतले अपाची कोण? पिसं खोचून, अंगाला काजळी फासून, भाले नाचवत अगम्य आवाज काढणारे आदिवासी हिंदी सिनेमानं कितीदा दाखवले. त्या स्टुडिओंपासून दोन-तीन तासांवर वारल्यांचे पाडे होते, कुणी जाऊन बघितलं नाही. आणि आपले ऐतिहासिक मराठी चित्रपट? भालजींच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (1963) आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ (1964) यांवर मी मनापासून लिहिलं आहे. स्टुडिओ 1948 च्या जाळपोळीत भस्मसात झाल्यावर हा माणूस पुन्हा उभा राहिला आणि आपल्या मातीतला घोडेस्वार त्यानं पडद्यावर आणला. पण त्या सबंध पठडीत समोरच्या छावणीतला सरदार दिसला की तो डोळे वटारणार, गडगडाटी हसणार आणि बायकांवर नजर टाकणार हे ठरलेलं. फोर्डच्या अपाचीवर हसण्याआधी हे नजरेसमोर असलेलं बरं.

मॅक्स म्युलर भवनवाल्या जर्मन शेजाऱ्यांनी तर हा खेळ वेगळाच केला. कार्ल माय या जर्मन लेखकानं ‘विनेटू’ हा अपाची नायक घडवला तेव्हा त्यानं अमेरिका पाहिलीही नव्हती. 1908 मध्ये तो गेला, पुस्तकं गाजून झाल्यावर, आणि तेव्हाही पश्चिमेकडं फिरकला नाही. त्या कथांवरचे चित्रपट 1962 पासून आले, चित्रीकरण युगोस्लाव्हियात, विनेटूच्या कामाला फ्रेंच नट. सगळंच खोटं, पण अपाची मात्र सज्जन आणि नायक. त्यांच्या यशानं युरोपातल्या निर्मात्यांना धीर आला आणि दोन वर्षांत सर्जिओ लिओनीचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ आला, तोही कुरोसावाच्या ‘योजिंबो’वरून परवानगी न घेता उचललेला. प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेलं. लिओनीच्या चित्रपटांत आवाज नंतर भरलेले असतात आणि ओठ वेगळं बोलतात. डबिंगवर पोसलेल्या आपल्या कानांना त्याचं काही वाटू नये. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’साठी स्पॅनिश सैनिकांनी एक सबंध कबरस्तान उभारलं, पूल बांधला, तो पूल कॅमेरे चालू होण्याआधीच चुकून उडवला आणि मग पुन्हा बांधून दिला.

तिथून ‘शोले’ फार लांब नाही. ठाकूरच्या घराण्याची कत्तल लिओनीच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चं (1968) ऋण फेडते हे आता सर्वांना माहीत आहे. त्याआधी राज खोसलांचा ‘मेरा गाँव मेरा देश’ येऊन गेला होता, ‘खोटे सिक्के’त फिरोज खान खांद्यावर ईस्टवूडची घोंगडी टाकून हिंडला होता. गावात वीज नाही आणि पाण्याची टाकी मात्र आहे, हा ‘शोले’वरचा विनोद तर जुना झाला. तुटलेल्या हातांच्या ठाकूरचे हात सदऱ्याखाली कुठं आहेत हे शोधणंही लोकांचा आवडता उद्योग. मला विचाराल तर रेल्वेचा प्रसंग बघा. मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ सात आठवड्यांहून जास्त खपून तो चित्रित झाला. घोडे खरे, गाडी खरी, धूळ खरी, आणि दुसऱ्या एका पाठलागात हेमा मालिनीच्या जागी टांगा पळवणारी रेश्मा पठाणही खरी, जिचं नाव लोकांना कळायला अनेक दशकं गेली. आणीबाणीत सेन्सॉरनं बदलायला लावलेला शेवट होता तसा जोडून, चित्रपट डागडुजी करून 2025 मध्ये इटलीतल्या बोलोन्याला दाखवला गेला. दोन्ही शेवट पाहिल्यावर मला कापलेलाच जास्त सुसंगत वाटला. यावर मित्रांशी झालेला वाद लेखात आहे.

हे सगळं ज्या थिएटरांत बघायचं ती या रस्त्याच्या टोकाला होती. रीगल 30 मार्च 2017 ला बंद झालं, शेवटच्या दिवशी राज कपूरचे चित्रपट लावून. प्लाझा आणि ओडियन नवं रूप घेऊन चालू राहिली. घरच्या पडद्यावर हे चित्रपट अधिक स्वच्छ दिसतात आणि म्हणून त्यांचे दोषही. दुरुस्त केलेल्या प्रतीत तर घोड्याच्या पायाशी ताणलेली तार कधी कधी स्पष्ट चमकते, जी मूळ पाहणाऱ्यांना बहुधा दिसलीही नसेल.

लेख सालवारीनं लावलेले नाहीत. चित्रपट आधी बघावा आणि लेख मागून वाचावा, एवढीच विनंती. ब्रूस लीवर वेगळा लेख नाही, त्याला वेगळं पुस्तक लागेल. ‘हाय नून’ आणि त्याला चिडून हॉक्सनं केलेला ‘रिओ ब्राव्हो’ हे एकाच लेखात आहेत, कारण ते वेगवेगळे वाचले तर भांडणाची मजा जाते. ज्यांना घाई आहे त्यांनी ‘मॅकेनाज गोल्ड’ आधी घ्यावा. तो सगळ्यात लांब झाला आहे, कारण सांगण्यासारखे दोष त्याच्याइतके दुसऱ्या कुणात सापडले नाहीत.